मांजर माणसाशीच का बोलतं?

प्रश्न असा आहे: "मोठी मांजरं आपापसांत म्याव करत नाहीत, फक्त माणसांशी करतात, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. मग हा आवाज त्यांनी आपल्यासाठी तयार केला का? आमची आत्ताची मांजर दिवसभर बोलत असते. आधीची जवळजवळ मुकी होती. असं का?"

हा आवाज मांजरानं माणसासाठी नव्यानं घडवलेला नाही. पिल्लू आईला ज्या आवाजात हाक मारतं तोच हा आवाज. माणसांपासून दूर वाढणाऱ्या मांजरात तो वयाबरोबर मागे पडतो. घरात मात्र टिकतो, कारण तिथं त्याला उत्तर मिळत राहतं. उत्क्रांतीनं या आवाजाला थोडासा हात लावलेला दिसतो, पण तुमच्या दोन मांजरांमधला फरक बहुतेक घराच्या वळणाचा आहे, शिवाय थोडा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा. मी पशुवैद्य आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी मांजरांच्या वागण्याबद्दलच्या असतात, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी ते वाचलेलं वाक्य तपासून घेऊ, कारण ते जसंच्या तसं खरं नाही. एकत्र वाढलेली मांजरं कधीमधी एकमेकांकडे बघून म्याव करतात. सोबती बंद दाराआड अडकला तर त्याला हाक मारतात. माजावर आलेली भाटी तर रात्र रात्र ओरडते. पण मोकाट मांजरांच्या टोळक्याजवळ तासभर गप्प बसून कान दिलात, तर लक्षात येईल की त्यांचा कारभार जवळपास मुक्यानंच चालतो. कोण कुठं बसणार, कोणी कोणाला वाट द्यायची, हे सगळं शेपटीवर, कानांच्या कलावर, नजर वळवण्यावर आणि गालांनी-पंजांनी लावलेल्या वासावर ठरतं. आवाज फुटतो तो टोकाच्या प्रसंगी: फिस्कारणं, गुरगुरणं, भांडणाआधीचा तो लांबलचक, चढत जाणारा हेल. साधी, मधल्या पट्टीतली, काहीतरी मागणारी म्याव तिथं क्वचितच ऐकू येते.

याचं मूळ पूर्वजांच्या राहणीत आहे. पाळीव मांजर फेलिस लिबिका या रानमांजरापासून आलं. २००७ साली जगभरातल्या रान आणि पाळीव मिळून ९७९ मांजरांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा हे नातं पक्कं झालं. हे रानमांजर एकटं राहतं, एकटं शिकार करतं आणि आपापल्या हद्दीत फिरतं. अशा प्राण्याला रोज समोरासमोर बोलायला कोणी नसतंच. निरोप ठेवायचा तो वासातून, म्हणजे आपण निघून गेल्यावरही तो तिथं राहतो. लांडग्यांच्या कळपात चेहऱ्यावरच्या हावभावांची जशी सतत देवघेव चालते, तशी गरज रानमांजराला कधी पडली नाही. कुत्रा माणसाकडे आला तो संगतीची सवय घेऊन. मांजर आलं तेव्हा त्याच्याकडे दुसऱ्या प्रौढ प्राण्याकडून काही मागून घ्यायची एकच जुनी रीत होती: पिल्लू असताना आईला मारलेली हाक.

त्या हाकेकडे जरा नीट बघू. मांजराचं पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले आणि कानांच्या नळ्याही बंद असतात. डोळे साधारण सात ते दहा दिवसांत उघडतात. म्हणजे स्वतःला नीट ऐकू येण्याआधीच ते ओरडतं. अंगातली ऊब त्याला स्वतःहून टिकवता येत नाही, त्यामुळे आईच्या पोटापासून वीतभर बाजूला गेलं तरी जिवावर बेतू शकतं. हे ओरडणं सरसकट एकसारखंही नसतं. १९७०च्या दशकात झालेल्या अभ्यासांत दिसलं, की गार पडलेल्या पिल्लाचा आवाज सगळ्यांत उंच पट्टीचा असतो, एकटं पडलेलं पिल्लू सगळ्यांत मोठ्यानं ओरडतं आणि आईच्या अंगाखाली अडकलेलं सगळ्यांत लांब आवाज काढतं. आई उठते, तोंड मिटून घशातल्या घशात 'म्र्र्र' असा थरथरता आवाज काढते आणि पिल्लाला उचलून आणते किंवा बाजूला सरकून जागा करून देते. बाळंतिणीची ही 'म्र्र्र' तुम्ही ऐकली असेल. तुम्ही घरात शिरताना मांजर शेपूट उभी करून पायांशी येतं तेव्हाही पुष्कळदा हाच आवाज काढतं.

दूध सुटायच्या सुमारास आई या हाकांना जुमानेनाशी होते. पिल्लू ओरडतं आणि ती उठून दुसरीकडे जाऊन बसते. हाकेचा उपयोग संपतो तशी हाकही कमी होते. मोकाट आयुष्यात बहुतेक वेळा गोष्ट इथंच थांबते.

घरात नेमक्या त्याच वयात आई बदलते. नवी आई दोन पायांची असते, तिच्याकडे खाण्याचा डबा असतो, दाराची कडी तिच्या हातात असते आणि ती कितीही वर्षं हाकेला ओ देत राहते. मांजराच्या आयुष्यातलं दूध सुटणं असं कधी पूर्णच होत नाही. दोन ते सात आठवडे हा पिल्लाचा माणसाळण्याचा मुख्य काळ. या काळात ज्याला माणसाचा हात लागला, ते माणसाशी बोलायला सहज शिकतं. मोकाट वाढून मोठेपणी घरात आलेली मांजरं कित्येक महिने आवाजच काढत नाहीत आणि काही तर जन्मभर अबोल राहतात. तुमची आधीची मांजर तुमच्याकडे कोणत्या वयाची असताना आली होती, हे आठवून बघा. मला पहिला संशय तिथंच येतो.

आता माणसाच्या बाजूनं बघू. मांजराच्या दृष्टीनं आपण बरेच अधू आहोत. त्यानं सोफ्याच्या कोपऱ्यावर गाल घासून ठेवलेला निरोप आपल्या नाकाला कळत नाही. शेपटीचं टोक हललं, कान किंचित मागे गेले, हे आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण दुसरीकडे बघत असतो. पाठमोऱ्या माणसापर्यंत पोचणारी एकच गोष्ट उरते आणि ती म्हणजे आवाज. मांजराचे कान साधारण ४८ हर्ट्झपासून ८५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकतात. आपली वरची हद्द २० हजारांच्या आसपास संपते. पण म्याव ज्या पट्टीत निघते ती आपल्या कानांना चांगली ऐकू येणारी आहे. मांजरानं ती आपल्यासाठी निवडली असं नव्हे. पिल्लाची आणि बाळाची रडण्याची पट्टी एकमेकींच्या जवळ आहे आणि आपले कान त्या पट्टीला आधीपासूनच हळवे आहेत, हा मांजराच्या पथ्यावर पडलेला योग.

आवाज नेमका निघतो कसा, हे एकदा तोंडाकडे बघून पाहा. मिल्ड्रेड मोएल्क या अमेरिकी अभ्यासक स्त्रीनं १९४४ साली पाळीव मांजराच्या आवाजांचा ध्वनिशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला आणि १६ प्रकार नोंदवले. तिनं केलेले तीन गट अजूनही उपयोगी पडतात, कारण ते तोंडाच्या हालचालीवर बेतलेले आहेत. तोंड मिटलेलं असताना निघणारे आवाज: घुरघुर आणि ती 'म्र्र्र'. तोंड उघडून हळूहळू मिटताना निघणारे: सगळ्या म्याव. आणि तोंड ताणून उघडंच धरलेलं असताना निघणारे: गुरगुर, फिस्कारणं, वेदनेची किंकाळी. म्हणजे म्याव हा हलणाऱ्या तोंडाचा आवाज आहे. 'म्' मध्ये ओठ मिटलेले, 'या' मध्ये जबडा पूर्ण खाली, 'व' मध्ये परत मिटत आलेला. हे मिटणं किती झटकन किंवा सावकाश होतं, मध्ये सूर वर जातो की खाली, सुरुवातीला ती थरथर जोडली आहे का, यावर शेकडो छटा निघतात. ताणलेल्या तोंडाच्या आवाजात अशी मोकळीक नाही. तो ठरावीक साच्याचा असतो आणि सगळ्या मांजरांत जवळपास सारखाच. फिस्कारणं कोणाला शिकवावं लागत नाही आणि ते कोणाला चुकीचं समजतही नाही. म्यावचं तसं नाही. ती वाकवता येते, आणि म्हणूनच शिकण्याच्या कामाची आहे.

उत्क्रांतीचा भाग किती? इथं लोक फार सैल बोलतात, म्हणून जरा जपून सांगते. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं सापडलं आणि ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झालं. बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे ते होडीतून आणलेलं होतं. यावरून 'दहा हजार वर्षं मांजर माणसासाठी आवाज घडवतंय' असं सर्रास लिहिलं जातं. पण तेव्हाची मांजरं आजच्या पाळीव मांजरांचे थेट पूर्वज होती, असं त्यावरून ठरत नाही. २०२५ साली आलेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानुसार युरोपात खरं पाळीव मांजर पोचलं ते उत्तर आफ्रिकेकडून, सुमारे २,००० वर्षांपूर्वी. शिवाय सरसकट मांजरांची वीण माणसानं आखून कधी केलीच नाही. जातिवंत मांजरांच्या नेमून केलेल्या पैदाशीचा इतिहास जेमतेम दीडशे वर्षांचा. बाकी सगळं मांजरांनी आपल्या मर्जीनं उरकलं. एवढ्या वेळात, एवढ्या ढिल्या निवडीतून अगदी नवा आवाज जन्माला येईल हे मला पटत नाही आणि तसा पुरावाही नाही.

असलेल्या आवाजात फरक पडल्याचा पुरावा मात्र आहे. निकोलस निकास्त्रो यांनी २००४ साली पाळीव मांजरांच्या म्याव आणि आफ्रिकी रानमांजरांच्या म्याव लोकांना ऐकवल्या. लोकांना पाळीव मांजरांचे आवाज स्पष्टपणे अधिक गोड वाटले. रानमांजरांचे आवाज जास्त लांब आणि खालच्या पट्टीतले होते. या प्रयोगातली दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: रानमांजरंसुद्धा म्याव करत होती. ती प्राणिसंग्रहालयातली होती, म्हणजे माणसांच्या सहवासात. कच्चा माल आधीच होता, फरक पट्टीत आणि लांबीत पडला. त्यात अंगाच्या आकाराचा वाटा किती आणि निवडीचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझ्या मते ज्या मांजराचा आवाज पिल्लाच्या आवाजाला जवळचा, त्याला घराजवळ थारा मिळणं थोडं सोपं गेलं असेल, इतपत म्हणायला हरकत नाही.

याला आधार मिळतो तो एका अगदी वेगळ्या प्राण्याकडून. सायबेरियात नोव्होसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीत माणसाला कमी घाबरणारे कोल्हे तेवढे पुढच्या पैदाशीला ठेवायचे, बाकी कशासाठी निवड नाही. पुढे स्वेतलाना गोगोलेवा आणि सहकाऱ्यांनी या कोल्ह्यांचे आवाज तपासले. माणसाळलेले कोल्हे माणूस समोर आला की एका तऱ्हेचे आवाज काढत, आणि वेगळ्या ठेवलेल्या, आक्रमकतेसाठी निवडलेल्या वंशाच्या ओळीतले कोल्हे दुसऱ्याच तऱ्हेचे. पण कोल्हे कोल्ह्यांशी बोलताना सगळ्या ओळींत आवाजांचा साठा तोच होता. निवड झाली ती भीती कमी असण्यासाठी. आवाज नवा आला नाही, कोणता आवाज माणसासमोर बाहेर पडायचा तेवढं बदललं. मांजरातही असंच घडलं असावं. २०१४ साली मांजराच्या जनुकसंचाचा अभ्यास आला. त्यात रानमांजरापेक्षा पाळीव मांजरात निवडीच्या खुणा सापडल्या त्या भीतीची आठवण आणि बक्षिसातून शिकणं यांच्याशी जोडलेल्या जनुकांत. म्हणजे मांजराला आपल्या पूर्वजाहून वेगळं काय मिळालं, तर माणूस जवळ असताना पळून न जाण्याची तयारी आणि कशाचा उपयोग होतो हे चटकन टिपण्याची हुशारी. बोलकेपणासाठी एवढं भांडवल पुरतं.

बाकीचं तुमच्या घरात घडतं, आणि माझ्या कामाचा मोठा भाग तेवढ्यावरच चालतो.

तक्रार बहुधा एकाच साच्याची असते: "पहाटे ओरडून उठवतं." मी लोकांना व्हिडिओ काढून आणायला सांगते, आणि मांजराचा नव्हे तर पूर्ण खोलीचा. एका घरातल्या व्हिडिओत मांजर पलंगाशेजारी बसलं होतं. पहिली म्याव छोटी, सूर शेवटी किंचित वर गेलेला. पलंगावर हालचाल नाही. मांजरानं कान पुढे केले, थोडं थांबलं. दुसरी म्याव तशीच. तिसरीच्या आधी पांघरुणातून एक सुस्कारा आला आणि मांजर ताबडतोब उभं राहिलं. यानंतरची म्याव दुप्पट लांब होती, मधला 'या' ताणलेला. मग घरच्या बाई "गप बस ना" म्हणाल्या. त्याबरोबर मांजर दाराकडे चार पावलं गेलं, मागे वळलं आणि मघाच्याच लांब म्यावनं परत सुरुवात केली. छोट्या म्यावकडे ते त्यानंतर पुन्हा गेलंच नाही. शेवटी बाई उठल्या आणि वाटी भरली गेली.

त्या बाईंचं म्हणणं होतं, "मी कधीच लगेच उठत नाही हो!" तेच तर त्या आवाजाचं खतपाणी होतं. लगेच उठत असत्या तर मांजर छोट्या म्यावेवरच राहिलं असतं. छोट्या म्यावला उत्तर नाही, लांब म्यावला कधी आहे कधी नाही, पण चिकाटी धरली की वाटी भरतेच, हे त्याला त्यांच्याच वागण्यातून कळलं होतं. बक्षीस दर वेळी मिळालं तर वर्तन लवकर शिकलं जातं, पण अधूनमधून मिळालं तर ते सुटता सुटत नाही. सोडतीचं तिकीट घेणारा माणूस जसा दर आठवड्याला घेतच राहतो, तसं. आणि एके दिवशी ठरवून दुर्लक्ष सुरू केलं की आवाज कमी व्हायच्या आधी काही दिवस भयंकर वाढतो. बहुतेक लोक नेमके त्याच दिवशी हार मानतात, आणि त्या वाढलेल्या आवाजालाच बक्षीस मिळून तो पक्का होतो.

अशा रीतीनं प्रत्येक घरात एक खासगी बोली तयार होते. खासगी म्हणते ती चाचण्यांच्या आधारे. निकास्त्रो आणि ओरेन यांनी २००३ साली खाण्यासाठी, दारासाठी, लाडासाठी अशा वेगवेगळ्या प्रसंगांतल्या म्याव लोकांना ऐकवून प्रसंग ओळखायला सांगितलं. एकेक सुटी म्याव ओळखण्यात लोक नुसत्या अंदाजापेक्षा जेमतेम बरे ठरले. म्यावांची मालिका ऐकवली तर जरा सुधारले. मांजरांची सवय असलेले थोडे पुढे होते. २०१५ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात लोकांना स्वतःच्या मांजराचे आवाज ओळखण्यात काही यश आलं, अनोळखी मांजराचे ओळखण्यात आलं नाही. 'भूक' साठी सगळ्या मांजरांचा एक ठरलेला शब्द असता तर असं झालं नसतं. म्हणूनच म्यावचं भाषांतर करून देणाऱ्या मोबाइल ॲपवर माझा विश्वास नाही. तुमच्या मांजराच्या म्यावचा अर्थ तुमच्या घरातल्या जुन्या घटनांत साठलेला असतो आणि त्या घटना ॲपला ठाऊक नसतात.

तरी सुरात काही सामाईक धागा आहे. स्वीडनमधल्या लंड विद्यापीठाच्या ध्वनिशास्त्रज्ञ सुझान शोट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की खाण्यासाठीच्या म्यावमध्ये सूर शेवटी वर चढण्याकडे कल असतो आणि पशुवैद्याकडे नेताना निघालेल्या म्यावमध्ये तो खाली उतरतो. हे माझ्या कानांनाही पटतं. पेटीत बंद होऊन आलेल्या मांजराचा तो उतरता, ओढल्यासारखा आवाज मी रोज ऐकते. चढा सूर म्हणजे उत्साह आणि अपेक्षा, उतरता म्हणजे त्रास, एवढं ढोबळ गणित माणसाच्या बोलण्यातही चालतं, म्हणून अनोळखी मांजराचाही अंदाज आपल्याला थोडासा लागतो. त्यापुढचा तपशील ज्याच्या त्याच्या घरचा.

घुरघुरीची गोष्ट थोडी निराळी आहे, पण इथं जोडायला हवी. घुरघुर सेकंदाला साधारण २५ ते ३० कंपनांची असते. एवढ्याशा प्राण्याला एवढा खर्ज कसा लागतो हे बरीच वर्षं कोडं होतं. मेंदू स्वरयंत्राचे स्नायू सतत आखडत-सोडत राहतो म्हणून, असं पूर्वी मानत. २०२३ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी दुर्धर आजारामुळे दयामरण दिलेल्या आठ मांजरांच्या स्वरयंत्रांतून नुसती दमट, कोमट हवा सोडली, आणि स्नायूंच्या मदतीशिवायही तो खर्ज निघाला. स्वरतंतूंमध्ये तंतुमय ऊतीच्या लहानशा गाद्या असतात, त्यांच्या वजनामुळे तंतू संथ हलतात असा त्यांचा निष्कर्ष आहे. घुरघुर पिल्लू अगदी पहिल्या काही दिवसांपासून करतं, दूध पितापिताही, आणि पुढं मोठी मांजरं आपापसांतही करतात. म्हणून ती म्यावइतकी 'माणसासाठीची' नाही.

पण तीही वाकवता येते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ साली दाखवलं, की काही मांजरं खायला मागताना घुरघुरीच्या आत एक उंच पट्टीचा सूर मिसळतात, सुमारे ३८० हर्ट्झचा. तो बाळाच्या रडण्याच्या पट्टीत पडतो. मांजर न पाळलेल्या लोकांनाही ही घुरघुर जास्त निकडीची आणि कमी सुखद वाटली. ध्वनिमुद्रणातून तेवढा सूर काढून टाकला तर निकड कमी झाली. सगळी मांजरं असं करत नाहीत. मॅकोम्ब यांच्या मते एका माणसाशी घट्ट जोडलेल्या मांजरांत ते जास्त दिसतं, आणि गजबजलेल्या घरात जिथं घुरघुर ऐकूच जात नाही तिथं मांजरं सरळ म्याव करतात.

हा व्यवहार एकतर्फी नाही. आपलं बोलणंही मांजर छानच वेगळं काढतं. जपानमध्ये अत्सुको साइतो यांच्या प्रयोगांत २०१३ साली दिसलं की मांजर धन्याचा आवाज अनोळखी आवाजांतून ओळखतं: कान वळतात, मान वळते. बहुतेक वेळा उठून मात्र येत नाही. स्वतःचं नाव त्याच लांबीच्या इतर शब्दांतून ओळखतं, हे २०१९ साली आलं. फ्रान्समधल्या २०२२च्या एका अभ्यासात, धनी मांजराशी ज्या लाडिक चढ्या आवाजात बोलतो तो आणि माणसांशी बोलतो तो, यांत मांजरांनी फरक केला, पण बोलणारा परका असेल तर केला नाही. तीही खासगी बोलीच म्हणायची. आणि २०२५ साली तुर्कस्तानातल्या एका छोट्या अभ्यासात, घरी परतलेल्या पुरुषांचं स्वागत मांजरांनी बायकांच्या दुपटीहून जास्त वेळा आवाज करून केलं. पुरुष कमी बोलतात आणि उशिरा लक्ष देतात म्हणून मांजराला जास्त ओरडावं लागत असावं, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. अभ्यासात मांजरं ३१च होती, तेव्हा यावरून घरात भांडण लावू नका.

तुमच्या दोन मांजरांबद्दल माझा अंदाज त्यामुळे असा: आधीची एकतर उशिरा माणसात आली, किंवा तिला जे हवं ते मागण्याआधीच मिळायचं, किंवा ती डोळ्यांनी आणि शेपटीनं मागायची आणि तुम्हाला ते समजायचं. आत्ताचीला तुम्ही उत्तर देता. दिवसभर बोलणारी मांजर म्हणजे जिच्या बोलण्याला कोणीतरी 'हं, काय गं?' म्हणतं अशी मांजर. जातीचाही थोडा वाटा असतो: सयामी आणि तिच्या जवळच्या जाती उपजतच वाचाळ असतात, पर्शियन सहसा शांत. तुम्हाला हे बोलणं आवडत असेल तर खुशाल बोला, त्यानं काही बिघडत नाही. नको असेल तर आवाजाला रागानंही उत्तर देऊ नका, कारण तेही उत्तरच. मांजर गप्प असताना लक्ष द्या आणि खाण्याची वेळ त्याच्या ओरडण्याशी न बांधता घड्याळाशी बांधा. घरातल्या सगळ्यांनी एकच रीत पाळली नाही तर मात्र हे साधत नाही.

एक गोष्ट वर्तनाच्या गप्पांत हरवू नये. अबोल मांजर अचानक बोलकं झालं किंवा बोलक्याचा सूर बदलला, तर सवय शोधत बसण्याआधी तपासणी करा. दहा-बारा वर्षांपुढचं मांजर रात्री घरभर फिरत मोठ्यानं हंबरल्यासारखं ओरडत असेल तर थायरॉइड वाढणं, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, सांध्यांची वेदना, ऐकू येणं कमी होणं किंवा म्हातारपणातला बुद्धिभ्रम, यांतलं काहीही असू शकतं. बहिरी मांजरं स्वतःचा आवाज ऐकू न आल्यामुळे जास्त मोठ्यानं ओरडतात. पांढरी, निळ्या डोळ्यांची मांजरं जन्मतः बहिरी असण्याचं प्रमाण जास्त आहे, हेही लक्षात ठेवा. आणि बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल, ओरडत असेल आणि लघवीचे दोनच थेंब येत असतील किंवा तेही नाहीत, तर त्याची लघवी तुंबली आहे असं धरून चाला. सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा. एक-दोन दिवसांत यानं मृत्यू येऊ शकतो.